कॉफीचा दाखला कांद्याला लावताना

गेल्या दोन वर्षांत सोलापुरात कांद्याच्या भावावरून वाद सुरू झाला की थोड्याच वेळात त्यात कॉफी येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदे बाजारात अरेबिका कॉफीनं पौंडाला चार डॉलरचा टप्पा ओलांडला, १९७७ पासूनचा विक्रम तर त्याआधी डिसेंबर २०२४ मध्येच मोडला होता, आणि कोडगू-चिक्कमगळूरच्या मळेवाल्यांना बरे दिवस आल्याच्या बातम्या आपल्याकडे पोचल्या. सोलापूर कर्नाटकाच्या उंबऱ्यावर असल्यानं तिकडची बातमी इथं परकी वाटत नाही. मग एक बाजू म्हणते, ‘कॉफीला केंद्राचं स्वतंत्र बोर्ड आहे म्हणून त्यांचं सोनं झालं, कांद्यालाही बोर्ड द्या.’ दुसरी बाजू तितक्याच ठासून सांगते, ‘कॉफीच्या व्यापारातून सरकार बाहेर पडलं म्हणून त्यांचं भलं झालं, कांद्यातूनही सरकारनं चालतं व्हावं.’ दाखला एकाच पिकाचा आणि निष्कर्ष दोन टोकांचे. सभेत टाळ्या दोघांनाही पडतात.

माझं म्हणणं असं की कॉफीचा इतिहास या दोघांपैकी कुणाचीच साक्ष देत नाही. कॉफीचे भाव बोर्डाच्या काळातही आपटले आणि मोकळ्या बाजारातही आपटले. मळेवाल्यानं ते सोसलं. पण बाजार मोकळा झाल्यापासून ऐन तोडणीच्या दिवसांत ‘आजपासून निर्यात बंद’ असा दिल्लीचा आदेश त्याच्यावर येऊन आदळला नाही. कांदेवाल्यावर तो २०१९, २०२० आणि २०२३ असा पाच वर्षांत तीनदा आदळला. तेव्हा कांदा उत्पादकांनी बोर्डही मागू नये आणि सरकार हटवायलाही निघू नये. निर्यातीचा नियम लागवडीआधी लिहून जाहीर करा आणि हंगामात तो मोडलात तर नुकसान तिजोरीतून भरून द्या, एवढीच मागणी धरून बसावी. ती दिसायला साधी आहे. मिळायला बोर्डापेक्षा कितीतरी अवघड आहे, आणि माझ्या मते म्हणूनच ती कुणी करत नाही.

आधी बोर्डवाल्यांचं पाहू. आपण जे मागतोय ते कसं चालायचं, हे त्यांच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ बंद पडली, कॉफी गोदामात साचू लागली, तेव्हा १९४२ च्या कायद्यानं बोर्डाची घडी बसली. पुढं रुजलेल्या पद्धतीचं नाव ‘पूल’. घरखर्चाची आणि बियाण्याची कॉफी वगळता सगळा माल पूलमध्ये द्यायचा. बाहेर परस्पर विकायची मुभा नाही. बोर्ड प्रत पाहून गुण लावणार, लिलाव करणार, निर्यातीचं बघणार आणि खर्च वजा जाता उरेल ते गुणांप्रमाणे वाटणार. पैसे हप्त्यांनी यायचे आणि शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत पुढचं पीक झाडावर यायचं. उत्तम कॉफी पिकवणाऱ्या माणसाला आपल्या मालाचं गिऱ्हाईक कोण, हेच कळायचं नाही. जागतिक कॉफी करारानं देशादेशांना निर्यातीचे कोटे ठरवून दिले होते आणि त्या कोट्याबाहेर सोव्हिएत युनियन हे आपलं मोठं गिऱ्हाईक होतं. १९८९ मध्ये कोटे कोसळले, १९९१ मध्ये सोव्हिएत युनियनच नकाशावरून गेलं. पूलमधून सुटका मागणारे मग खुद्द मळेवालेच होते. १९९२ पासून थोडी थोडी मोकळीक देत १९९६ पर्यंत पूल संपला. आजचं कॉफी बोर्ड कुणाची कॉफी विकत घेत नाही. ते संशोधन करतं, प्रत सुधारायला मदत करतं, आकडे गोळा करतं, परदेशात भारतीय कॉफीची ओळख करून देतं. बाळेहोन्नूरचं संशोधन केंद्र तर १९२५ पासूनचं, म्हणजे बोर्डापेक्षाही जुनं. २०२५ मध्ये मळेवाल्याला जो चढा भाव मिळाला त्यात बोर्डाच्या खरेदीचा वाटा शून्य आहे, कारण तशी खरेदी होतच नाही.

खरं तर हा धडा घ्यायला महाराष्ट्राला कोडगूपर्यंत जायची गरज नव्हती. १९७२ साली आपण कापूस एकाधिकार खरेदी योजना आणली. हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही, व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सोडवायचा होता. घडलं असं की बाहेर भाव चढला की विदर्भातला कापूस रात्री शेजारच्या राज्यात जायचा आणि बाहेर पडला की तिकडचा कापूस आपल्या केंद्रांवर यायचा. चुकाऱ्यासाठी शेतकरी हेलपाटे घालायचा आणि तोटा राज्याच्या अंगावर पडायचा. तीनेक दशकांनी योजना गुंडाळली तेव्हा फारसं कुणी रडलंही नाही. एकच खरेदीदार, मग तो सरकार का असेना, विकणाऱ्याला ताटकळत ठेवतो, हे कापसानं आपल्या डोळ्यांदेखत दाखवलं होतं. कांदा तर कापसासारखा सहा महिने गंजीत पडून राहणारा मालही नाही.

बोर्डवाल्यांची एक गोष्ट मात्र मी बिनशर्त मान्य करतो. दोन एकरवाल्याला बियाणं, रोग, प्रत, बाजाराची माहिती यांतलं काहीच एकट्यानं पेलत नाही. भारतातले बहुतेक कॉफी उत्पादक लहान जमिनीचे आहेत आणि बोर्डाच्या संशोधनाविना त्यांनी पानावरच्या तांबेऱ्यापुढं कधीच हात टेकले असते. आपल्याकडं केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे आणि त्याचा उपयोग शेतकऱ्याला विचारून बघा. असं काम करणारी संस्था कांद्यासाठी आणखी बळकट हवी, यावर वाद नाही. पण त्याला ‘भाव देणारं बोर्ड’ म्हणून सभेत विकणं ही फसवणूक आहे.

आता दुसरी बाजू. ‘सरकारनं फक्त बाजूला व्हावं’ म्हणणाऱ्यांच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. शरद जोशींनी चाकणला कांद्यावरूनच रान पेटवलं आणि ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा सोलापूरच्या माळरानापर्यंत पोचली. सरकार शेतमालाचे भाव पाडतं, हे त्यांचं निदान आजही खोडता येत नाही. प्रश्न औषधाचा आहे. सरकार हटलं की भाव मिळतो, असं कॉफीत झालं का? जुलै १९८९ मध्ये करारातले कोटे स्थगित झाले आणि काही महिन्यांत जागतिक भाव जवळपास निम्म्यावर आले. नव्वदच्या दशकात व्हिएतनामनं रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीची इतकी लागवड केली की ज्या देशाचं नाव कॉफीच्या यादीत शोधावं लागायचं, तो ब्राझीलखालोखाल दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. २००१ च्या सुमारास भाव अशा तळाला गेला की मध्य अमेरिकेपासून कोडगूपर्यंत तोडणीची मजुरीही सुटेना. त्या वेळी बाजार पूर्ण मोकळा होता. ज्यांनी पाच वर्षांपूर्वी पूल संपल्याचे पेढे वाटले, तेच बँकेच्या दारात कर्जाची मुदत वाढवून मागत उभे होते.

आणि ज्या चार डॉलरवरून हा सगळा वाद पेटला, त्याचं श्रेय नेमकं कुणाचं? ब्राझीलमध्ये दुष्काळ पडला, व्हिएतनाममध्ये पाऊस रुसला, जगाच्या साठ्यात खड्डा पडला. दुसऱ्याच्या शेतातल्या दुष्काळावर मिळालेला भाव आहे तो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा दख्खनचा कापूस असाच सोन्याच्या भावानं गेला होता. मुंबईत लोक शेअरबाजारात वेडे झाले, शेतकऱ्याची पत वाढली, सावकार मोकळ्या हातानं कर्ज देऊ लागला. १८६५ मध्ये तिकडचं युद्ध संपलं आणि इकडचा भाव बसला. कर्ज मात्र बसलं नाही. दहा वर्षांनी, १८७५ मध्ये, सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. त्या तेजीत बोर्ड नव्हतं आणि त्या मंदीला निर्यातबंदी कारण नव्हती. कॉफीचं झाड लावल्यापासून तीन-चार वर्षांनी फळ देतं. म्हणजे २०२५ च्या भावाला भुलून लावलेली रोपं २०२८-२९ ला एकदम बाजारात उतरतील. तेव्हा हेच लोक कोडगूचा दाखला देतील का, हे बघायला मी थांबणार आहे.

बोर्डाच्या बाजूनं किंवा मोकळिकीच्या बाजूनं बोलणाऱ्या दोघांनीही ब्राझीलची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९३१ ते १९४४ या काळात ब्राझील सरकारनं भाव सावरण्यासाठी ६० किलोची एक अशी सुमारे ७ कोटी ८० लाख पोती कॉफी जाळली किंवा नष्ट केली. जगातला सगळ्यात मोठा उत्पादक, हातात सत्ता, आणि तरी भाव मनासारखा राहिला नाही, कारण ब्राझीलनं जाळलेल्या प्रत्येक पोत्यामागे दुसऱ्या कुठल्या तरी देशात नवं झाड लागत होतं. भाव धरून ठेवणं सरकारच्या हातात नसतं. सरकारच्या हातात असतो तो नियम. आणि नेमका तोच कांद्याच्या बाबतीत कुणाच्या हातात राहत नाही.

कॉफी आणि कांदा यांतला खरा फरक इथं सापडतो, आणि तो पिकाचा नाही, खाणाऱ्याचा आहे. भारतात पिकणाऱ्या कॉफीतला मोठा हिस्सा परदेशी जातो. तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इटली आहे. तिथल्या एस्प्रेसोत आपला रोबस्टा पडतो, त्याचा भाव वाढला तर मिलानचा माणूस कुरकुरेल आणि मिलानच्या माणसाचं मत बारामतीत किंवा दिल्लीत मोजलं जात नाही. कांदा मात्र आपण खातो. १९८० च्या लोकसभा प्रचारात कांदा होता, १९९८ मध्ये दिल्लीचं राज्य सरकार घालवण्यात त्याचा हात होता. तेव्हापासून प्रत्येक पक्षाच्या मनात कांद्याची धास्ती आहे. पुरावा हवा असेल तर आपल्याच जिल्ह्यात फिरा. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, सांगोला-पंढरपूरचं डाळिंब आणि करमाळ्याची केळी आखाती देशांत जातात. डाळिंब महागलं म्हणून कधी निर्यात बंद झाल्याचं ऐकलंत? डाळिंबाविना कुणाची भाजी अडत नाही.

जाता जाता एक. हीच गोष्ट अमेरिकेतही घडली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं ब्राझीलच्या मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, त्यात कॉफीही सापडली. किराणा दुकानातली कॉफी महागल्याची ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये कॉफीला सूट द्यावी लागली. पिणारा मतदार असला की वॉशिंग्टनसुद्धा दिल्लीसारखंच वागतं.

इथपर्यंत वाचून शेतकरी संघटनेतले मित्र खूश झाले असतील, म्हणून विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा आता मांडतो, आणि तो सोलापुरात राहणाऱ्या माणसानं मांडलाच पाहिजे. हे शहर जसं बाजार समितीचं आहे तसंच विडी कामगारांचं आणि यंत्रमागाचं आहे. हजार विड्यांमागे मजुरी घेणारी बाई, कुंभारीच्या घरकुलात राहणारी, टॉवेलच्या कारखान्यात नवरा कामाला, अशा घरात कांदा हा चैनीचा जिन्नस नाही. भाकरीबरोबर भाजी नसेल त्या दिवशी कांदा असतो. तो किलोला ऐंशी रुपये झाला तर तिनं काय करावं? ‘शेतकऱ्यानं वर्षानुवर्षं सोसलं, आता तिनं चार महिने सोसावं’ असं सांगणारे लोक मला भेटतात. त्यांच्यापैकी कुणाचंही घर विड्यांवर चालत नाही. सरकारनं तिच्यासाठी काही करू नये असं म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. टंचाईच्या वर्षी हस्तक्षेप करण्याचा सरकारला हक्क आहे, नव्हे, ते त्याचं काम आहे.

पण तिला स्वस्त कांदा द्यायचा, तर पैसे कुणी द्यायचे? आज त्याचं पूर्ण बिल मोहोळ, बार्शी, अक्कलकोटच्या शेतकऱ्याच्या नावावर फाडलं जातं, आणि पावतीही दिली जात नाही. निर्यात शुल्क लावलं तर निदान किती टक्के घेतले ते कागदावर दिसतं. बंदी हा असा कर आहे की ज्याचा दर कुठंच लिहिलेला नसतो. आणि त्या बाईला तरी त्यातून काय मिळतं? यंदा भाव पाडला की पुढच्या वर्षी लागवड घटते, लागवड घटली की पुन्हा टंचाई, पुन्हा ऐंशी रुपये, पुन्हा बंदी. तिला दोन वर्षांतून एकदा स्वस्त कांदा मिळतो आणि एकदा महाग. तिच्या नावानं घेतलेला निर्णय तिलाही धड पुरत नाही.

२०२३ हे एकच साल घेऊन बघा. फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. किलोला एक रुपया भाव निघाला. हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, राहिले २ रुपये ४९ पैसे, आणि आडत्यानं दिला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. देशभर त्या चेकचे फोटो फिरले. राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, दोनशे क्विंटलची मर्यादा घातली, सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी अशी अट लावली, मग ती शिथिल करायची वेळ आली, आणि पैसे खात्यात पडेपर्यंत महिने गेले. आता त्याच वर्षीचा ऑगस्ट बघा. भाव जरा वर सरकला. १९ तारखेला, शनिवारी, ४० टक्के निर्यात शुल्काची अधिसूचना निघाली आणि लगेच लागू झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून कमी दरानं माल बाहेर पाठवायचा नाही. ८ डिसेंबरला निर्यातच बंद. भाव पडतो तेव्हा सरकारला सातबारा, पीकपाहणी, खातेक्रमांक सगळं तपासायचं असतं, चढतो तेव्हा एक सही पुरते. या दोन वेगांतली तफावत हाच माझ्या लेखी कांद्याचा प्रश्न आहे. दोन रुपयांचा चेक मी विसरायला तयार आहे, कारण बाजारात मंदी येतेच. सहा महिन्यांनी त्याच माणसाच्या तेजीवर ज्या चपळाईनं हात पडला, ते विसरायला तयार नाही.

त्यातही ८ डिसेंबर ही तारीख नीट वाचायला हवी. कांदा म्हणून दिल्लीत ज्याचा विचार होतो तो बहुधा उन्हाळी कांदा असतो. तो कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर साठवणघरात, चार-पाच महिने टिकतो, सरकारच्या राखीव साठ्यासाठी मुख्यतः तोच घेतला जातो आणि बंदी आली तर नाशिकचा शेतकरी नाइलाजानं का होईना, चाळीचं दार बंद करून वाट बघू शकतो. सोलापूरच्या यार्डात नोव्हेंबर ते जानेवारी जो येतो तो लाल कांदा. ऑगस्ट-सप्टेंबरात लावलेला, ओलसर, पातळ पापुद्र्याचा. पंधरवडा-तीन आठवडे थांबला तर कोंब येतो किंवा सडतो. त्या दिवसांत रोज शेकडो गाड्या सिद्धेश्वर बाजार समितीच्या आवारात येतात, आपल्या तालुक्यांतून, धाराशिवमधून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही. अशा मालाच्या ऐन आवकेत निर्यात बंद करणं म्हणजे शेतकऱ्याला ‘आज मिळेल त्या भावाला दे’ असं सांगणं. साठवलेल्या उन्हाळी कांद्यावर जे संकट ठरलं असतं ते सोलापूरच्या लाल कांद्यावर शिक्षा होऊन पडलं. आपले खासदार-आमदार ‘कांदा’ या एकाच नावाखाली बोलतात तेव्हा हा फरक सभागृहात कधी पोचतच नाही.

निर्यातदाराचं काय? तो काही संत नव्हे. लिलावात बोली मुद्दाम दाबून धरणारे असतात, तेजीच्या अंदाजानं माल दडवणारे असतात, आणि ५१२ किलोच्या पट्टीतून ५०९ रुपये ५१ पैसे कसे वजा होतात याचा जाब समितीला विचारायलाच हवा. पण तो वेगळा आजार आहे आणि निर्यातबंदीनं तो बरा होत नाही, उलट बळावतो. कारण उद्या कंटेनर बंदरात अडकेल की काय, ही भीती असलेला निर्यातदार ती भीती आज सकाळच्या बोलीतून आधीच कापून घेतो. बंदी प्रत्यक्षात आली नाही त्या वर्षीही शेतकरी तिची किंमत मोजत असतो. शिवाय गिऱ्हाईक कायम राहत नाही. बांगलादेश वर्षानुवर्षं आपला सगळ्यात मोठा कांदा खरेदीदार होता. आपण दार लावलं की तिथं पाकिस्तान, चीन, इजिप्तचा कांदा उतरतो, आणि ढाक्याचं सरकार स्वतःच्या शेतकऱ्याला लागवड वाढवायला सांगतं. मिलानच्या कॉफी भाजणाऱ्यानं भारतीय रोबस्टा वर्षानुवर्षं धरून ठेवला, कारण तो दरवर्षी येत राहिला. आपण पाच वर्षांत तीनदा कॉफी बंद केली असती तर त्यानं केव्हाच युगांडाचा रोबस्टा लावला असता आणि मग चार डॉलरच्या तेजीत आपण नुसते बातम्या वाचत बसलो असतो.

‘नियम आधी लिहा’ यावर सरकारी बाजूचा ठरलेला आक्षेप असा की पाऊस आधी कळत नाही, मग नियम आधी कसा लिहायचा? आक्षेप रास्त वाटतो, पण तो टिकत नाही. पाऊस कळत नाही म्हणूनच नियम आधी लागतो. किरकोळ भाव अमुक पातळीच्या वर इतके आठवडे राहिला तर अमुक टक्के शुल्क लागेल, त्याच्या वर गेला तर तमुक टक्के, आणि भाव उतरला की आपोआप उठेल, असा तक्ता जुलैत जाहीर करता येतो. बंदी त्यात कुठंच नसेल. आधी झालेले सौदे शुल्कातून वगळलेले असतील. मग लावणारा हिशेब करून लावील, घेणारा हिशेब करून बोली लावील. कोलंबियाचा कॉफी महासंघ १९२७ पासून आहे. न्यूयॉर्कचा भाव, डॉलरचा दर आणि प्रत यांवरून तो रोज आपला खरेदीदर जाहीर करतो आणि त्या दरानं कुठल्याही उत्पादकाचा माल घ्यायला तयार असतो. तो दर फार चढा असतो असं नाही. पडत्या बाजारात तोही पडतो. पण डोंगरातला शेतकरी खेचर लादायच्या आधी त्याला तो माहीत असतो.

इतकं लांब कशाला? युरोपात द्राक्षं पाठवणाऱ्या आपल्या बागायतदाराला विचारा. औषधांच्या अंशाचे तिकडचे नियम भयंकर कडक आहेत, तरी तो त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरत नाही, कारण छाटणीच्या आधी ते त्याच्या हातात असतात आणि त्याप्रमाणे फवारणी बसवता येते. तो अडचणीत आला २०१० साली. तेव्हा जे रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं त्याचे अंश तिकडं सापडल्यावरून माल नाकारला गेला आणि बागायतदार कर्जात गेले. कडक नियमानं तो बुडाला नव्हता, न सांगता आलेल्या नियमानं बुडाला.

उसाचं तर सगळं सोलापूरच्या समोर आहे. गाळपाआधी एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, जाहीर होते, चौदा दिवसांत पैसे द्यायचे असा १९६६ च्या आदेशात नियम आहे. कारखाने तो पाळतात का, हा प्रश्न विचारून मला कुणी गप्प करू नये, पाळत नाहीत हे मलाही दिसतं. पण थकलेल्या एफआरपीसाठी शेतकरी साखर आयुक्तांकडं जाऊ शकतो, जप्तीची मागणी करू शकतो, कारण मोडलेला नियम दाखवायला त्याच्याकडं असतो. कांदेवाल्याकडं दाखवायला काय आहे? साखरेच्या निर्यातीवरही केंद्रानं बंधनं घातली, पण उसाचा किमान दर त्यामुळं एका रात्रीत नाहीसा झाला नाही. उसामागं कारखाना आहे, कारखान्यामागं चेअरमन आहे आणि चेअरमन विधानसभेत बसतो. कांद्यामागं फक्त गाडीभाडं आहे. तरीही कांद्याचं राजकीय वजन अगदीच नाही असं नाही. लोकसभेच्या निकालात कांदा पट्ट्यानं राग दाखवला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, किमान निर्यात मूल्य उठलं, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आलं. एप्रिल २०२५ पासून तेही शून्य झालं. म्हणजे ऐकून घेतलं जातं. मग हे वजन खर्चून मागायचं काय, एवढाच प्रश्न उरतो. शून्य शुल्क एका अधिसूचनेनं आलं तसं एका अधिसूचनेनं जाईल. लाल कांद्याच्या पुनर्लागणीआधी जाहीर होणारा, हंगामभर न बदलणारा तक्ता मात्र कायद्यात बसवला तर कुठल्याही मंत्र्याला शनिवारी संध्याकाळी तो फिरवता येणार नाही.

राहिला पैशाचा मुद्दा. तक्त्याप्रमाणे शुल्क लागलं तर ते केंद्राच्या एकूण महसुलात विरून जाता कामा नये. ऑगस्ट २०२३ पासून मार्च २०२५ पर्यंत कधी ४० तर कधी २० टक्क्यांनी जे वसूल झालं ते कांदा पिकवणाऱ्याच्या भावातून गेलं होतं, हे मान्य करायला कुणाला जड जाऊ नये. ते वेगळ्या खात्यात ठेवावं. टंचाईच्या महिन्यांत त्याच खात्यातून बाजारभावानं कांदा विकत घेऊन रेशन दुकानांवर, आधी विडी कामगारांच्या वस्त्यांत, स्वस्तात द्यावा. नियम मोडला तर भरपाईही त्यातूनच जावी, आणि खातं कमी पडलं तर तिजोरीतून. कुंभारीच्या बाईला स्वस्त कांदा मिळेल आणि मोहोळच्या शेतकऱ्याच्या पट्टीवर त्याचा भार पडणार नाही. वित्त खात्याला हे आवडणार नाही, वेगळी खाती त्यांना कधीच आवडत नाहीत. कुठल्या वस्तीला किती कांदा, कुठल्या दुकानातून आणि कोण वाटणार, यावर मात्र त्यांच्याशी आत्तापासून भांडायला हवं, कारण लाल कांद्याची रोपं दरवर्षी जूनमध्येच टाकली जातात.